धर्मानंद कोसंबी : बुद्धचरित्र आणि निरीश्वरवादी वाचकांचे गैरसमज

कर्जत तालुक्यात उल्हास नदीच्या खोऱ्यात, राजमाचीच्या पायथ्याशी कोंडाणे येथे एक प्राचीन लेणे आहे. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकातील या लेण्यात चैत्यगृह आहे आणि शेजारी भिक्षूंच्या निवासाचा विहार आहे. चैत्यगृहातील स्तूपाचा खालचा भाग झिजून गेला आहे. दर्शनी भागावर, एका यक्षाच्या भग्न मूर्तीजवळ, कान्ह याचा शिष्य बलक याचे नाव सांगणारा ब्राह्मी लेख कोरलेला आहे. आंबिवलीजवळ नदीकाठी आणखी एक विहार आहे. कल्याण आणि सोपारा या बंदरांतून निघालेली वाट खालापूर-कर्जतच्या सपाटीवरून बोरघाटाच्या परिसरात चढत असे, आणि घाटमाथ्यावर कार्ले व भाजे येथील लेणी तिची वाट पाहत असत.

बुद्धाचा धर्म म्हणजे देव, पूजा आणि परलोक यांना नकार देणारे शुद्ध बुद्धिवादी तत्त्वज्ञान होय, आणि बाकीचे सारे उत्तरकालीन विकृतीचे फळ होय, असे मत आधुनिक शिक्षित वर्गात, विशेषतः निरीश्वरवादी वर्गात, रूढ आहे. कोंडाण्याच्या लेण्यासमोर हे मत अडखळते. तेथील स्तूप महायानाच्या उदयापूर्वीचा, म्हणजे बुद्धमूर्ती घडवल्या जाण्याच्याही पूर्वीचा आहे. तो पूजेसाठीच कोरलेला आहे आणि त्याच्या दाराशी यक्षही उभा आहे.

मराठी वाचकांना बुद्धाचे चिकित्सक, चमत्कारविरहित चरित्र प्रथम समर्थपणे ज्यांनी दिले ते आचार्य धर्मानंद कोसंबी होत. त्यामुळे उपर्युक्त मताचे पितृत्व अनेकदा त्यांच्याकडे दिले जाते. तथापि त्यांचे चरित्र आणि ग्रंथ एकत्र वाचले असता हा समज टिकत नाही. ज्या चिकित्सेने धर्मानंदांनी पौराणिक बुद्ध बाजूला सारला, तीच चिकित्सा निरीश्वरवाद्यांच्या बुद्धालाही लागू पडते.

१. शोधाचा आरंभ

धर्मानंद दामोदर कोसंबी यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील सांखवाळ येथे एका गौड सारस्वत ब्राह्मण कुटुंबात झाला. पोर्तुगीज अमलाखालील त्या गावात शिक्षणाची सोय बेताची होती. त्यांचे शालेय शिक्षण अपुरेच राहिले आणि तरुणपणीच नारळीच्या बागायतीची देखभाल त्यांच्या अंगावर पडली. १८९१ साली बाळाबाईंशी त्यांचा विवाह झाला. प्रपंचात मन रमत नव्हते आणि ज्ञानाची ओढ स्वस्थ बसू देत नव्हती, अशा मनःस्थितीत त्यांच्या वाचनात ‘बालबोध’ मासिकातील बुद्धावरील एक लेख आला. मुलांसाठी लिहिलेल्या त्या छोट्या लेखाने त्यांच्या आयुष्याला दिशा दिली.

या प्रसंगाचे स्वरूप नीट ध्यानात घेतले पाहिजे. धर्मानंद बुद्धाकडे वळले ते ईश्वराच्या अस्तित्वाविषयीचा वाद सोडवण्यासाठी नव्हे. दुःखाने गांजलेल्या मनाला शांती देणारा एक मनुष्य होऊन गेला आणि त्याचा मार्ग आजही चालता येईल, या आशेने ते निघाले. बुद्धाला केवळ एका तात्त्विक पक्षाचा पुरस्कर्ता मानणाऱ्या वाचकाची आणि धर्मानंदांची वाट येथेच वेगळी होते.

१८९९ च्या अखेरीस पत्नी आणि तान्ही कन्या यांना मागे ठेवून ते पुण्यास आले. घरच्यांनी या शोधाची किंमत मोजली, हे चरित्रकाराने विसरता कामा नये. पुण्यात डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. पुढे ग्वाल्हेरमार्गे ते काशीस गेले आणि अन्नछत्रात जेवून त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले. बौद्ध धर्माच्या शोधात १९०२ साली त्यांनी नेपाळ गाठले, परंतु तेथील परिस्थितीने त्यांची निराशा झाली. बोधगया आणि कलकत्ता या मार्गाने ते सिंहलद्वीपास पोहोचले. कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांपाशी ते श्रामणेर झाले आणि पालीचे अध्ययन करू लागले. नंतर ब्रह्मदेशात भिक्षुसंघात राहून त्यांनी ध्यानाचाही अभ्यास केला. १९२४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘निवेदन’ या आत्मचरित्रात हा सारा प्रवास कोणताही अलंकार न चढवता सांगितला आहे. मराठी आत्मचरित्रवाङ्मयात या ग्रंथाचे स्थान वेगळे आहे, ते त्यातील या निराडंबर सत्यकथनामुळेच.

२. पालीची प्रतिष्ठापना

१९०६ च्या सुमारास धर्मानंद भिक्षुजीवन सोडून पुन्हा गृहस्थ झाले. संघात राहून मायभूमीत बुद्धाच्या विचारांचा प्रसार करणे अवघड आहे, असे त्यांना दिसून आले होते. कलकत्त्यास राष्ट्रीय महाविद्यालयात आणि विद्यापीठात त्यांनी पाली शिकवली. परंतु महाराष्ट्रात काम करण्याची त्यांची तळमळ होती. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना दरमहा पन्नास रुपयांचे वेतन देऊ केले, आणि महाराष्ट्रात राहून ग्रंथलेखन करावे एवढीच अपेक्षा ठेवली. कलकत्त्याची अधिक उत्पन्नाची जागा सोडून त्यांनी हे वेतन स्वीकारले. ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ हे पुस्तक (१९१०) या काळातील होय.

१९१० साली ते अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात गेले. हेन्री क्लार्क वॉरन यांनी अपूर्ण ठेवलेले बुद्धघोषाच्या ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाचे संपादन पुढे नेण्याचे काम त्यांच्याकडे होते. संपादक म्हणून कोणाचे नाव असावे यावरून प्राध्यापक लॅनमन यांच्याशी त्यांचे मतभेद झाले आणि १९१२ साली ते परतले. या कामासाठी पुढेही ते अनेकदा हार्वर्डला गेले. तेथील आवृत्ती मात्र त्यांच्या मृत्यूनंतर, १९५० साली प्रकाशित झाली. त्यांची देवनागरी आवृत्ती १९४० सालीच भारतीय विद्या भवनातर्फे निघाली होती.

१९१२ ते १९१८ या काळात ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पालीचे अध्यापक होते. पु. वि. बापट आणि चिं. वि. जोशी हे त्यांचे विद्यार्थी. चिमणरावाचे जनक म्हणून महाराष्ट्राला ठाऊक असलेले जोशी पालीचे अध्यापक आणि बौद्ध साहित्याचे अभ्यासक होते, ही गोष्ट मराठीच्या अभ्यासकांनी आवर्जून ध्यानात ठेवावी अशी आहे. पुढे १९२२ ते १९२५ पर्यंत धर्मानंदांनी अहमदाबादच्या गुजरात विद्यापीठात कार्य केले.

‘विसुद्धिमग्ग’ हा शील, समाधी आणि प्रज्ञा या क्रमाने रचलेला साधनेचा ग्रंथ आहे. ज्या विद्वानाने आयुष्याची कितीतरी वर्षे या एका ग्रंथाच्या पाठशुद्धीला दिली, आणि ज्याने १९२५ साली ‘समाधिमार्ग’ हे ध्यानावरील पुस्तक सामान्य मराठी वाचकांसाठी लिहिले, त्याच्या बुद्धिवादाचा अर्थ साधनेला वगळून लावता येत नाही.

३. ‘नास्तिक’ या शब्दाचे तीन अर्थ

निरीश्वरवादी वाचकांच्या गैरसमजाचे मूळ बहुधा एका शब्दात आहे. ‘नास्तिक’ हा शब्द मराठीत किमान तीन अर्थांनी वावरतो. वैदिक दर्शनांच्या परिभाषेत वेदांचे प्रामाण्य न मानणारा तो नास्तिक. आधुनिक व्यवहारात ईश्वर न मानणारा तो नास्तिक. पाली वाङ्मयात मात्र ‘नत्थिकवाद’ म्हणजे दानाला, सत्कर्माला व दुष्कर्माला फळ नाही आणि मृत्यूबरोबर सारे संपते असे मानणारी दृष्टी होय.

पहिल्या अर्थाने बुद्ध निःसंशय नास्तिक ठरतो. दुसऱ्या अर्थाने तो सृष्टिकर्ता ईश्वर मानत नाही, एवढे म्हणता येते. तथापि पाली सुत्तांत ब्रह्मा आहे, शक्र आहे आणि देवलोकही आहेत. ते अमर नाहीत, जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटलेले नाहीत, आणि मुक्तीसाठी त्यांची कृपा लागत नाही, एवढाच काय तो भेद. तेथे देवांचे खंडन नसून त्यांचे पद उतरवले आहे. तिसऱ्या अर्थाने बुद्ध नास्तिक नाहीच. दीघनिकायातील सामञ्ञफलसुत्तात अजित केसकंबल याचे जे मत येते ते आजच्या जडवादाच्या बरेच जवळचे आहे, आणि बुद्धाच्या शिकवणुकीत त्याची गणना मिथ्या दृष्टीत होते.

‘भगवान बुद्ध’ या आपल्या प्रमुख ग्रंथात (१९४०-४१) धर्मानंदांनी ‘आत्मवाद’ या प्रकरणात समकालीन श्रमणाचार्यांची मते मांडून बुद्धाचे स्थान निश्चित केले आहे. आत्मा शाश्वत मानणारा शाश्वतवाद आणि देहाबरोबर सर्व उच्छिन्न होते असे मानणारा उच्छेदवाद, ही दोन्ही टोके बुद्धाने टाळली. अनात्मवादाचे नाव ऐकताच पुष्कळ निरीश्वरवादी वाचक उच्छेदवादाशी त्याचे समीकरण मांडतात. परंतु कायमचा आत्मा नाही म्हणून कर्माची परंपराही नाही, असा निष्कर्ष पाली ग्रंथांतून निघत नाही. त्या परंपरेवर विश्वास ठेवावा की नाही, हा प्रत्येक वाचकाचा प्रश्न. ती परंपरा ग्रंथांत नाहीच असे म्हणणे हा मात्र केवळ वाचनदोष ठरतो.

हीच गत कालामांना केलेल्या उपदेशाची आहे. अंगुत्तरनिकायातील हे सुत्त मुक्त विचाराची सनद म्हणून वारंवार पुढे केले जाते. ऐकीव गोष्ट, परंपरा किंवा ग्रंथ यांवर विसंबून राहू नये, असे त्यात सांगितले आहे, हे खरेच. परंतु केवळ तर्कावर विसंबण्यासही तेच सुत्त नकार देते. लोभ, द्वेष आणि मोह यांतून काय निपजते हे स्वतः पाहावे आणि सुज्ञ कशाची निंदा करतात हेही विचारात घ्यावे, असा त्याचा रोख आहे. तेथील कसोटी नैतिक अनुभवाची आहे. शंका हे त्या उपदेशाचे आरंभस्थान असून मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा या ब्रह्मविहारांत त्याचा शेवट होतो. आरंभ घ्यायचा आणि शेवट सोडायचा, हे निवडक वाचन झाले.

४. चरित्रचिकित्सेची रीत

धर्मानंदांची चिकित्सा कोणत्या स्वरूपाची होती, हे त्यांच्या बुद्धचरित्रावरून स्पष्ट होते. म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी यांच्या दर्शनाने सिद्धार्थाला वैराग्य आले, ही लोकप्रिय कथा त्यांनी नाकारली. नाकारण्याचे कारण ती अद्भुत आहे एवढेच नव्हते. दीघनिकायातील महापदानसुत्तात हीच कथा विपस्सी या पूर्वबुद्धाविषयी आली आहे आणि तेथून ती गोतमाच्या चरित्रात उतरली, असे त्यांनी दाखवले. शुद्धोदन हा चक्रवर्तीच्या थाटाचा राजा नसून शाक्यांच्या गणातील शेती करणारा एक प्रमुख होता, असेही त्यांनी प्रतिपादिले. गृहत्यागाचे कारण त्यांनी शाक्य आणि कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याच्या तंट्यात शोधले. सुत्तनिपातातील अत्तदण्डसुत्तात शस्त्रधारणाने उत्पन्न होणाऱ्या भयाचे जे वर्णन येते, त्याचा त्यांनी आधार घेतला.

ही रीत इतिहासकाराची आहे. जुना स्तर कोणता, नवा कोणता, कथा कोठून कोठे सरकली, हे ती पाहते. निरीश्वरवादी वाचक मात्र तिचे रूपांतर एका सोप्या सूत्रात करतो : जे आपल्या बुद्धीला पटते ते मूळ बुद्धाचे, जे पटत नाही ते भिक्षूंनी नंतर घुसडलेले. धर्मानंदांचे निष्कर्ष सर्वत्र निर्णायक आहेत असे नाही. त्यांची अनेक अनुमाने पुढील अभ्यासकांनी तपासून घ्यावीत अशीच आहेत, आणि पसंतीचा मोह त्यांनाही क्वचित झाला असेल. परंतु नावडता पुरावा ते झाकत नाहीत. बुद्धाच्या आहाराविषयीच्या ‘मांसाहार’ या प्रकरणावरून, विशेषतः जैन समाजात, मोठे वादळ उठले. बुद्धभक्तांनाही ते प्रकरण सुखद नव्हते. अहिंसेचे कट्टर पुरस्कर्ते असूनही धर्मानंदांनी ग्रंथांत जे सापडले ते मांडले.

धर्मानंदांच्या ग्रंथाला १९५६ साली अखिल भारतीय मान्यता मिळाली. बुद्धाच्या अडीच हजाराव्या जयंतीच्या निमित्ताने साहित्य अकादमीने अन्य भारतीय भाषांतील अनुवादासाठी त्याची निवड केली. त्याच वर्षी १४ ऑक्टोबर रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली. १९५७ साली, मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या बुद्धविषयक ग्रंथातही रोहिणीच्या पाण्याचा तंटा गृहत्यागाच्या केंद्रस्थानी आहे. बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत जुन्या देवतांचा त्याग जितका ठाम आहे, तितकाच अष्टांगिक मार्गाचा, पारमितांचा आणि प्राणिमात्रांवरील दयेचा स्वीकारही ठाम आहे. आज कर्जत-खालापूरच्या गावोगावच्या वस्त्यांतील बुद्धविहारांत त्रिशरण आणि पंचशील म्हटले जाते. बाहेरून पाहणाऱ्या निरीश्वरवाद्याला तेथे एक तर केवळ राजकीय निषेध दिसतो किंवा पुन्हा शिरकाव केलेली भाबडी भक्ती. शरण जाणे म्हणजे याचना नव्हे आणि शील घेणे म्हणजे आज्ञापालन नव्हे, ही गोष्ट त्याच्या दोन खणांच्या मांडणीत बसत नाही.

५. समाजवाद, सत्याग्रह आणि पुत्राची वाट

धर्मानंदांना जडवाद अपरिचित होता असे नाही. अमेरिकेतील वास्तव्यात त्यांनी समाजवादी वाङ्मय वाचले. १९२९ साली ते लेनिनग्राडला गेले आणि तेथील बौद्ध विद्येच्या संस्थेत त्यांनी काम केले. रशियातील समतेच्या प्रयोगाविषयी त्यांना आस्था होती, परंतु त्यातील हिंसा त्यांना मान्य नव्हती. परत येताच १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात ते उतरले आणि त्यांनी तुरुंगवास भोगला. ‘हिंदी संस्कृति आणि अहिंसा’ (१९३५) या ग्रंथात त्यांनी समाजवादाला अहिंसेची आणि अहिंसेला सामाजिक प्रज्ञेची जोड हवी, असा विचार मांडला. १९३७ साली बिर्लांच्या साहाय्याने मुंबईत परळ येथे कामगार व अस्पृश्य मानलेल्या वर्गासाठी त्यांनी बहुजनविहार उभारला.

त्यांचे पुत्र दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७-१९६६) हे गणिती आणि मार्क्सवादी इतिहासकार. पुण्याहून मुंबईस कामासाठी ते रेल्वेने ये-जा करीत. बोरघाट उतरून कर्जतला येणारा हा मार्ग प्राचीन व्यापारी वाटांच्याच प्रदेशातून जातो. या घाटवाटांचा आणि त्यांच्या कडेच्या लेण्यांचा संबंध त्यांनी उलगडला. विहार हे व्यापाराचे, दानाचे आणि संपत्तीच्या संचयाचेही केंद्र होते, हे त्यांनी दाखवले. हे विवेचन मोलाचे आहे. कार्ले तेथेच का, कोंडाणे तेथेच का, या प्रश्नांचे उत्तर त्यातून मिळते. मात्र त्या कोठडीत बसलेला भिक्षू काय करीत होता, हा प्रश्न शिल्लक राहतो. पित्याने त्या दुसऱ्या प्रश्नासाठी आयुष्य वेचले. ही दोन उत्तरे परस्परांना छेद देत नाहीत. पहिल्याने दुसऱ्याची गरज उरत नाही, असे मानणे ही निरीश्वरवादी अभ्यासातील आणखी एक घाई आहे.

६. शेवटचा पेच

धर्मानंदांचा मृत्यू कोणत्याही सोयीस्कर चौकटीत मावत नाही. वार्धक्य आणि व्याधी यांमुळे आपल्या हातून आता सेवा घडणार नाही, आणि इतरांवर भार होऊन जगू नये, असे वाटून १९४६ साली त्यांनी प्रायोपवेशनाचा संकल्प केला. महात्मा गांधींच्या आग्रहामुळे तो त्यांनी त्या वेळी सोडला. पुढे सेवाग्राम येथे अन्नत्याग करून ४ जून १९४७ रोजी त्यांनी देह ठेवला.

बुद्धिवाद्यांना हा शेवट गूढवादाकडे झुकलेला वाटतो आणि भाविकांना तो बौद्ध निर्वाणाचे उदाहरण वाटतो. दोन्ही वाचने सदोष आहेत. भिक्षूंच्या विनयात आत्मघाताला उत्तेजन देण्यास कडक मनाई आहे. धर्मानंदांच्या या निर्णयामागील परंपरा श्रमणांची असली तरी तिचा धागा पार्श्वनाथांच्या चातुर्यामापर्यंत जातो. त्यांच्या मृत्यूनंतर १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘पार्श्वनाथाचा चातुर्याम धर्म’ या ग्रंथात त्याचे विवरण आहे. म्हणजे बुद्धाचा हा आयुष्यभराचा अभ्यासक अखेरच्या कृतीत बुद्धालाही प्रमाण मानून थांबला नाही. पटलेले आचरायचे आणि न पटलेले सोडायचे, ही त्यांची रीत अखेरपर्यंत टिकली. या निर्णयाशी वाचक सहमत होईलच असे नाही, आणि सहमती हा येथील प्रश्नही नाही.

धर्मानंदांच्या चरित्रातून निरीश्वरवादी वाचकाने घ्यावयाचा बोध एवढाच की, देव नाकारल्याने बुद्ध कळतो असे नाही. निर्मात्याचा नकार ही त्या मार्गावरची एक पायरी आहे. तेवढीच उचलून आपल्या अंगणात बसवली तर तिच्यावरून कोठेही चढता येत नाही. श्रद्धावंताने बुद्धाला देव केले, तर बुद्धिवाद्याने त्याला आपल्या मताचा साक्षीदार केले. धर्मानंदांनी त्याला गुरू केले, त्याची भाषा शिकली, त्याच्या संघात ते राहिले, आणि मग त्याच्याविषयी लिहिले.

कोंडाण्याच्या लेण्यात चैत्यगृह आणि विहार यांना वेगळे करणारी केवळ एक कातळभिंत आहे. एका बाजूस वंदन, दुसऱ्या बाजूस ध्यान आणि अध्ययन. दोन्ही एकाच डोंगरात कोरलेली आहेत. त्यांपैकी एकच खरे आणि दुसरे नंतरचे, असे म्हणण्यास तेथील दगड आधार देत नाही.